मथीच्या टाचा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढंसुद्धा तोंड उघडलं नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्ही परके, म्हणून सांगते. ओळखीच्याला सांगितलं असतं तर तो उद्या माझ्या अंगणात थुंकून गेला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

आमचं घर उरणच्या खाडीकाठी, मिठागरावर राबणारं. तुम्ही मीठ खाता, पण ते पिकतं कसं ते पाहिलंय का? पाऊस सरला की वाफ्यांतलं पाणी काढायचं आणि तळाचा चिखल पायांनी तुडवायचा — अनवाणी, ओळीनं, बाया-बापे सगळे. तुडवून तुडवून तो तळ सारवलेल्या भुईसारखा गुळगुळीत झाला पाहिजे, तरच उन्हाळ्यात मीठ पांढरं उतरतं. आणि हे काम नेमकं थंडीत. पौषात सकाळच्या पारी त्या खाऱ्या चिखलात पाय घातला की कळ मस्तकात जायची. टाचा फुटायच्या. साध्यासुध्या नाहीत हो, भेगेत तांदळाचा दाणा मावेल अशा.

आमच्याकडं रीत होती — ओळीच्या पुढं कोण, ते टाचा बघून ठरायचं. फुटक्या टाचेचा ठसा तळात उमटला की तिथून वाफा गळतो, असं म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही. पण पुढचीनं गाणं धरायचं, आणि तिच्या पावलावर बाकीच्यांनी पावलं टाकायची. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मान माझा होता. मग एका थंडीत माझ्या टाचा गेल्या आणि मुकादमानं मला मागं घातलं. पुढं कोण गेली? माझी धाकटी जाऊ, मथी. अंगाची हळद अजून उतरली नव्हती तिच्या.

मथीला नाव ठेवायला जागा नव्हती, हाच तर राग. कामाला वाघीण, तोंडानं गोड, मला वयनी-वयनी करत मागंमागं फिरायची. गाणं असं म्हणायची की पलीकडच्या वाफ्यातली माणसं हात थांबवून ऐकायची. हे सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. पण घरी आल्यावर जे बघावं लागायचं, ते काही गिळवेना.

आमची सासू — आम्ही तिला आय म्हणायचो — बोलायला कडक, पण तिच्या हाताला गुण होता. संध्याकाळी मथी आली की आय तिला ओट्यावर बसवायची. आधी कोमट गोड्या पाण्यानं पाय धुवायचे, भेगेतलं मीठ नि चिखल निघेपर्यंत. मग फडक्यानं टिपून कोरडे करायचे. कोकमतेलाचा थिजलेला गोळा दिव्यावर वितळवायचा, ते तेल थेंबथेंब भेगेत भरायचं आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. गारठलेले पाय एकदम निखाऱ्यापुढं धरायचे नाहीत, हातानं चोळून ऊब आणायची, असं तिचं सांगणं. आणि हे सगळं ती करायची मथीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. सासूनं सुनेचा पाय मांडीवर घेतलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी त्या घरात इतकी वर्षं टाचा फाडून घेतल्या, मला काय मिळालं? तेलाचा गोळा पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, लाव गं. लोक म्हणायचे, मथीला आई नाही म्हणून आय तिचं करते. माझी तरी कुठं होती?

जळले मी. जेवताना घास उतरेना, एवढी जळले.

गोड्या पाण्याची विहीर बांधापलीकडं, लांब. संध्याकाळचं पाणी आणायचं काम माझं. मोठी घागर पिण्याची आणि वरची लहान कळशी पाय धुण्याची. म्हणजे बघा, महाराणीचे पाय धुवायचं पाणी मीच डोक्यावरून आणायचं! एक दिवस येताना बांधावर पाय घसरला, कळशी कलंडली, उशीर झाला होता, म्हणून खाडीचं थोडं —

नाही. थांबा. इतकी वर्षं मी मलाच हे सांगत आले, म्हणून जिभेवर बसलंय. कळशी कलंडली नव्हती. मी ती स्वतः बांधावर ओतली. मग खाली उतरून खाडीच्या कडेचं गढूळ खारं पाणी तिच्यात भरलं, घरी येऊन चुलीवर कोमट केलं आणि आयपुढं नेऊन ठेवलं. आयला डोळ्यांनी कमी दिसायचं, आणि चिखलाच्या पायांनी पाणी तसंही गढूळच व्हायचं. कुणाला कळणार?

मथी कळवळली. म्हणाली, "वयनी, आज लय झोंबतंय."

मी काय म्हणाले, ऐका. "झोंबतंय म्हंजे गुण येतोय. गप बस."

तिनं ओठ चावून पाय तसाच पुढं धरला. माझ्यावर विश्वास होता ना तिचा.

एकदा केलं असतं तर चुकले म्हटलं असतं. मी रोज केलं. मला वाटायचं, हिच्या बारीक भेगा माझ्यासारख्या उलतील, ही मागं येईल, संपलं. पण आय वरून तेलानं भेगा बुजवायची आणि खार, घाण आतच राहायची. डाव्या टाचेत पू धरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, पोर तापानं फणफणली. ताप चढला त्या दिवसापासून मी कळशी गोड्या पाण्यानं भरून आणायला लागले — इतकी शहाणी मी! वैदूनं टाच चिरून घाण काढली, तेव्हा मथीला धरून ठेवायला मलाच बसवलं होतं. जीव वाचला. टाच मात्र पुन्हा भुईला टेकली नाही. ती चवड्यावर लंगडत चालायला लागली. मिठागर सुटलं. गाणंही सुटलं, आणि घसा तर तिचा चांगला धड होता.

पुढच्या थंडीपर्यंत माझ्या टाचा भरून आल्या होत्या, मुकादमानं मला पुढं घातलं. मी गेले.

आयनं दोष कुणाला दिला? स्वतःला. माझंच तेल खवट होतं, माझ्या हातानं पोरीचा पाय गेला, हेच धरून बसली. सगळे गोळे खाडीत फेकले आणि त्यानंतर कुणाच्या पायाला हात लावला नाही. गावातल्या बाया टाचा दाखवायला यायच्या, त्यांना दारातूनच परत पाठवायची. माझ्या एका शब्दानं तिचं ते ओझं उतरलं असतं. तो मी बोलले नाही.

पुढं मिठापायी माणसं तुरुंगात जायला लागली, आमच्याकडंही पोलीस फिरायला लागले, त्या साली आय अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तिनं मथीला जवळ बोलावलं. मी उशाशी होते, चमच्यानं पाणी पाजत होते. आयनं हात लांबवून मथीचा तो वाकडा पाय धरला.

"पोरी, माज्या हातानं वाटोळं झालं तुजं. मना माफ कर."

मथी म्हणाली, "आय, तुमी माजं आईवानी केलंत. तुमचा काय दोष?"

आणि दोघी रडल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते — छे, हेही खोटं. शब्दबिब्द काही आले नव्हते. मी हातात चमचा धरून बसले होते, आणि माझ्या मनात एवढंच होतं की मरतानासुद्धा ही म्हातारी हिचाच पाय धरते, माझ्याकडं एकदा बघतसुद्धा नाही.