शंभरवाल्याची बाजू

आमच्या व्याह्यांइतका नम्र माणूस उभ्या मिशिगनमध्ये सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका भांडखोरही. इथल्या नोव्हाय गावातलं घर खरं तर माझ्या मुलाचं आणि त्यांच्या मुलीचं, दोघांचं सारखंच. पण व्याह्यांच्या लेखी ते मुलाकडचं घर. मी बसल्याशिवाय ते बसायचे नाहीत. चहाचा पहिला कप मला. भाजी खारट झाली तर माफी हेच मागणार, मग ती माझ्या मुलाने का केलेली असेना. मी चौथी शिकलेला, जन्म फाउंड्रीत गेलेला. हे हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. तरी मी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं, तर म्हणाले असते, "इकडे अमेरिकेत उगवत असेल, व्याहीबुवा."

फक्त टीव्हीवर बास्केटबॉल लागला की हा माणूस पालटायचा. पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ जर्सी चढवायची, आणि मॅच संपेपर्यंत कुणी जागा बदलायची नाही. खेळाडू फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की हेही उभे राहणार, कुकरसुद्धा बंद करायला लावणार. सून वैतागायची, "बाबा, तो प्लेयर तिकडे टेक्ससला आहे, त्याला आपल्या कुकरची शिट्टी ऐकू जात नाही!"

त्यांचा देव म्हणजे जुन्या काळचा एक ताडमाड खेळाडू. त्याने एका मॅचमध्ये एकट्याने शंभर पॉइंट केले, आणि तिथवर अजून कुणी पोचलेलं नाही. माझा माणूस वेगळा. वीस वर्षांवर खेळत राहून सगळ्यांत जास्त पॉइंट जमवले, तो. एका दिवसाच्या पराक्रमाला मी कधी भाव दिला नाही. रोज भट्टीपुढे उभा राहतो तो गडी, असं माझं मत, आणि ते बदलणार नाही.

"त्या शंभराचं चित्रीकरण तरी आहे का?" मी डिवचायचो.

"देवाचं आहे?"

"आणि साथीदार सगळे बॉल त्यालाच देत होते."

"मग? अक्षता नवरानवरीवरच टाकतात, वाजंत्र्यांवर नाही!"

एकदा मी चिडून म्हटलं, "मुलाच्या बापाशी असं बोलतात का?" ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, मुलगी दिली. मत दिलेलं नाही." मग बसले, आणि पहिला कप माझ्याकडे सरकवला.

गुडघ्यांना इथली थंडी सोसेना म्हणून ते आपल्या मुलाकडे, उबदार हवेच्या चँडलरला गेले. तिथूनही मॅच लागली की फोन यायचाच. नमस्कार, तब्येत, सूनबाईंची चौकशी, आणि मग तासभर भांडण. यंदाच्या हिवाळ्यात मात्र त्यांचं हृदय कुरकुरलं. ते हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी फोन केला आणि सवयीने माझ्या माणसाचं कौतुक सुरू केलं. पलीकडून बारीक आवाज आला, "हो. तुमचंच खरं, व्याहीबुवा."

एवढं ऐकायला मी इतकी वर्षं हट्टाने बसलो होतो. पण ऐकलं आणि जेवण गेलं नाही. समोर मॅच चालू, कुकर खुशाल शिट्ट्या मारतोय, आणि शेजारची खुर्ची रिकामी. सुनेने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझा बाप माझं ऐकायला लागला." ती तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन लावला. त्यांच्या मुलाने तो त्यांच्या कानाशी धरला. मी नमस्कारसुद्धा केला नाही. "तुमचा तो शंभरवाला," मी म्हणालो, "उंच होता म्हणून निभावलं. बॉल टाकला काय आणि शिडीवर चढून ठेवला काय, एकच!"

पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं, जास्तच बोललो.

मग पांघरूण सरकल्याचा आवाज आला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मला उठून बसू द्या."

मी थांबलो. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, मीही ताठ बसलो.