कौशल्याबाईंनी वजा केलेले शंभर ग्रॅम

आमच्या शाळेच्या शेवटच्या खोलीत अंगणवाडी भरते. मधली भिंत पातळ, त्यामुळे मी चौथीला भागाकार शिकवत असलो की कौशल्याबाईंचा आवाज माझ्या वर्गात घुसतो. इंद्रवेल्लीजवळच्या या गावात त्या सव्वीस वर्षांपासून अंगणवाडी टीचर आहेत. बाईंचा आवाज मोठा, हट्ट त्याहून मोठा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावातलं एकूण एक तान्हं पोर काट्यावर यायलाच हवं. नाही आलं तर बाई घरी जाऊन उचलून आणतात. मी त्यांच्या आवाजाला कितीदा नावं ठेवलीत, कामाला मात्र ठेवू शकलो नाही.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा भाजीवाल्यांच्या आळीतल्या बायका बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातात पोर द्यायला तयार नव्हत्या. चार वर्षं बाई त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे आत बोलावणं आलं. आत पडलेला पाय पुन्हा मागे घ्यावा लागू नये म्हणून त्या एका बाबतीत नमतं घ्यायच्या. तान्ह्याला उघडं करून काट्यावर ठेवलं तर दृष्ट लागते, वर्षाचं होईपर्यंत अंगावरची चांदी उतरवायची नाही, असं त्या आळीतल्या म्हाताऱ्या मानतात. मग बाई पोर कपड्या-दागिन्यांसकट मोजायच्या आणि शंभर ग्रॅम वजा करून लिहायच्या. फोनमध्ये आकडे भरायला त्यांना मीच शिकवलं. शंभर वजा होताना मी डोळ्यांनी पाहत होतो. गणिताचा मास्तर असून कधी तोंड उघडलं नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये त्याच आळीतल्या सोनाबाईंच्या सुनेला, रंजीताला, मुलगी झाली. शुभांगी. पहिले दोन महिने तिची रेघ वजनाच्या तक्त्यावर छान वर गेली. तिसऱ्या महिन्यात रंजीता वजनाच्या दिवशी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरगी पिता पिता झोपून जाते. मले वाटते तिचं पोटच भरत नाही."

बाईंनी तिच्यापुढे तक्ता धरला. "हे पाह्य, रेघ वर चालली हाये. हिरव्या पट्ट्यात हाये पोरगी. पहिलटकरणीले असंच वाटत राह्यते."

चौथ्या महिन्यातही तिनं तेच सांगितलं आणि बाईंनी तेच उत्तर दिलं. पाचव्या महिन्यात ती आली, वजन करून गेली, काही बोलली नाही. साडेपाच किलो. वजा शंभर. फोनवर हिरवा रंग.

जानेवारीतली थंडी होती. त्या वजनानंतर दोनच दिवसांनी बाई खाऊची पाकिटं वाटत सोनाबाईंच्या घरी सकाळीच पोचल्या. न्हाणीपुढे सोनाबाई नातीला पायांवर पालथी घेऊन तेल लावत होत्या. बाईंनी पहिल्यांदाच ती पोर उघडी पाहिली. ढुंगणावरची कातडी सैल लोंबत होती आणि फासळ्या मोजता येत होत्या.

बाई धावत शाळेत आल्या. त्यांनी काटा उचलला. मला म्हणाल्या, "मास्तर, चला." मी वर्ग तसाच सोडून त्यांच्यामागे सोनाबाईंकडे गेलो.

"मावशी, हिच्या अंगावरचं सगळं काढा," बाई म्हणाल्या.

"काऊन? आजवर नाही काढलं ते? वर्साच्या आत चांदी उतरवत नाही आमी."

"माझी चूक झाली, मावशी. तुमच्या पाया पडते, काढा."

सोनाबाई हटेनात. शेवटी रंजीतानंच पोर ओढून घेतली. वाळे, तोडे, कमरेची साखळी एकेक उतरवून सासूच्या पदरात टाकली. बारशाला फक्त वाळे होते. तोडे आत्याने नंतर घातले, साखळी दिवाळीला मामाकडून आली, आणि थंडीत स्वेटर, टोपी, मोजे चढले. काटा चार किलो सातशेवर थांबला. बाईंनी पोर उचलून पुन्हा ठेवली. तेवढंच. दोन महिने पोरीचं वजन हललं नव्हतं. वाढत होती ती चांदी आणि लोकर.

त्याच दिवशी माय-लेकीला आदिलाबादला, अशक्त पोरांच्या वॉर्डात दाखल केलं. पोरीला इतकी कमजोरी होती की तिला नीट ओढून पिताच येत नव्हतं. पहिले तीन दिवस डॉक्टर काहीच सांगेनात. तिसऱ्या दिवशी बाईंबरोबर मीही गेलो. रंजीताच्या नवऱ्याने, पंकजने, आमच्याकडे पाठ फिरवली. रंजीता म्हणाली, "जगंल का, बाई? का आताही कागद पाहून सांगता?"

बाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या. मलाही लाज वाटली, आणि ती माझ्या वाट्याची होती.

चौथ्या दिवशी पोर चमच्याने दूध घेऊ लागली. सोळाव्या दिवशी पाच किलो दोनशे होऊन घरी आली. अंगणवाडीचे वरिष्ठ अधिकारी बाईंना म्हणाले, जुने आकडे नीट करून टाका, कोण पाहतो. बाईंनी कागदावरची खोटी रेघ तशीच ठेवली, खाली खरी रेघ लाल पेनाने काढली, आणि दोन्हींखाली सही केली.

फेब्रुवारीचा वजनाचा दिवस आला. रंजीता पोरीला नुसत्या दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. कौशल्याबाई काट्याकडे गेल्याच नाहीत. तिच्यासमोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोर कशी वाटते तुले?"

रंजीतानं पोरीचं दुपटं सारखं केलं. "आता विचारून राह्यल्या, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "आधी विचारायचं व्हतं."