न लढणाऱ्या हिरोचा पिक्चर

आमचं घर नेरडीगोंड्यात, हायवेला लागून. पुढे नवऱ्याचं मोटारपंपांच्या सामानाचं दुकान, मागे आम्ही. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारं सगळं आमच्या दारावरून जातं. मीच काय ती कुठे जात नव्हते. सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. डॉक्टर म्हणाले, आधी हाड जुळू द्या, डोळ्यांचं मग पाहू. बेल्लमपल्लीची माझी बहीण फोन करायची, चार दिवस ये म्हणायची. मी "बघते" म्हणायचे आणि भाजीला फोडणी द्यायला उठायचे.

दुपारी सासूबाईंना झोप नसे. टीव्ही लावला तर वैतागायच्या. मालिकांतल्या सगळ्या बायका त्यांना एकाच आवाजात रडताना ऐकू यायच्या, आणि मारामारीचे पिक्चर म्हणजे नुसते डबे आदळल्यासारखे. एका दुपारी मोबाइलवर काहीबाही शोधताना एक जुना हिंदी पिक्चर समोर आला आणि माझं बोट थांबलं.

लग्न झालं त्या वर्षी आम्ही तो आदिलाबादच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. म्हणजे अर्धाच. हिरो हाणामारीसाठी गाजलेला, पण यात तो नदीकाठच्या नाक्यावरचा कारकून. बदली झालेली, पण त्याच्या जागी येणारा माणूस येत नाही, म्हणून अडकलेला. नदी चढते, पलीकडे नेणारी नाव बंद होते. हा एकुलता एक चांगला शर्ट धुतो, वाळत घालतो, पुन्हा पावसात भिजला की पुन्हा पिळतो. गाणं नाही, मागे वाजंत्री नाही. लोक ओरडत होते, "अबे, मार ना कोणाले तरी!" इंटरव्हलला नवरा उठला. "चाल वं. हा काई जागचा हालत नाई." मीही हसतच बाहेर पडले होते. वर्तमानपत्रांनी तर पिक्चरला पार झोडपून काढलं होतं.

आता मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि लावला.

"काय करून राह्यला तो?" सासूबाईंनी विचारलं.

"काई नाई, आत्याबाई. खुर्चीवर बसला हाय."

"बसू दे. आपुनबी बसलोच हाओ."

सुरुवातीला मी सांगत होते. मग सांगायची गरज उरली नाही. "आता चहा ठेवला त्यानं," त्याच म्हणाल्या. थोड्या वेळानं, "पाऊस थांबला. पत्र्यावरचं पाणी गळून राह्यलं." वाजंत्री नव्हती म्हणूनच त्यांना सगळं ऐकू येत होतं. आणि मी पाहत होते ते त्या माणसाचं तोंड. शर्ट पिळताना तो दाराकडे पाहतो. याच जागी टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या होत्या. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला.

शेवटी नाव येते. तो आपली पेटी नावेत ठेवतो, स्वतः काठावर उभा राहतो, आणि पडदा काळा होतो.

"चढला बाप्पा एकदाचा," सासूबाई म्हणाल्या.

"नाई चढला. काठावरच होता."

"तुले दिसलं नाई. फळीवर पाय वाजला."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. काळ्या पडद्यावर खरंच एक 'धप्' ऐकू येत होतं. पाय असेल, नावाड्याचा बांबूही असेल. आमची जुंपलीच.

मग रोज दुपारी तोच पिक्चर. मला त्याचा वीट आला. त्याच्या नाक्याच्या भिंती आणि आमच्या खोलीच्या भिंती एकच वाटायला लागल्या. एकदा माझा तोल गेला.

"किती डाव तेच ते! मलेबी बाहेर जावं वाटते, आत्याबाई."

त्यांनी तोंड छताकडे केलं.

"तुले वाटते," त्या म्हणाल्या. "मले वाटत नसंल काय?"

इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी असं कधी बोललो नव्हतो. मी पदरानं मोबाइलची काच पुसली आणि पिक्चर लावला.

पुढे हाड थोडंफार जुळलं, तसं त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी मला पाहिलं. "लय सुकली वं तू," म्हणाल्या. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पिक्चर मागितला.

"हाच का तो? मले वाटलं, उंच असंल."

बाकी सगळा पिक्चर त्यांनी मोबाइल नाकाशी धरून पाहिला. शर्ट पाहिला, पत्रा पाहिला, नदीचं गढूळ पाणी पाहिलं. नाव दिसली तशी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले.

"काऊन? आता तर दिसते ना?"

"उगी राय. ऐकू दे."

संपल्यावर तो चढला की नाही, हे त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

हाड अजून पुरतं धरलेलं नाही. वॉकर घेऊन त्या दारापर्यंत जातात, मी त्यांच्या पाठीमागे आधाराला हात धरून असते. तो पिक्चर त्यांनी पुन्हा मागितला नाही. त्या झोपल्या की मीच कधीतरी लावते, पीठ मळताना, मोबाइल पालथा ठेवून.