विदूने आखलेला रस्ता

शुभदाचा फोन आला तेव्हा ती मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होती. "मंजू, हॉस्पिटलमधून फोन होता. विदू गेला..." एवढंच बोलून ती फोन कानाला धरून अंगणात तशीच उभी राहिली. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक मोकळा प्लॉट. पण त्याला दोन्हीकडून जाळीचं कुंपण, आणि ऑस्ट्रेलियातल्या स्कोफिल्ड्समधल्या आमच्या वसाहतीतले रस्ते असे वळणावळणाचे, की तिच्या दारापर्यंत चालत जायला अठरा मिनिटं लागायची. त्या दिवशी मी रस्त्याने गेले नाही.

शुभदाचा नवरा विद्याधर, म्हणजे आमचा विदू, मूळचा पुण्याचा सर्व्हेअर. इथे नव्या वसाहतींचे नकाशे काढायचा आणि त्याच नकाशांवर चिडायचा. "पोटासाठी वाकडे रस्ते काढतो मी," म्हणायचा. त्याचा जीव रमायचा जुन्या रोमन शहरांत. तिथे म्हणे आधी दोन मुख्य रस्ते आखायचे, उत्तर-दक्षिण कार्डो आणि पूर्व-पश्चिम डेक्युमॅनस. ते छेदतात त्याच्या आसपास बाजार नि देवळं, बाकी गल्ल्या काटकोनात. "नवखा माणूसही चुकायचा नाही, मंजू. आपल्याकडे डिलिव्हरीवाला रोज रडतो." प्रत्येक पॉटलकला हे व्याख्यान ठरलेलं. आम्ही ताट वाढून घेऊन हळूच दुसऱ्या खोलीत सटकायचो... एकदा तरी बसून पूर्ण ऐकायला हवं होतं.

मंजूर नकाशात त्या प्लॉटमधून पायवाट होती. विदूने कौन्सिलला पत्रांवर पत्रं लिहिली, उत्तर एकच, विचाराधीन. मग लॉकडाऊन आला. हृदय आधीच थकलेलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज थोडं चाला. या पठ्ठ्याने पडद्याच्या दांड्यांपासून ग्रोमा बनवला. म्हणजे रोमन सर्व्हेअरचं हत्यार, काठीवर आडवी फुली आणि तिच्या चारही टोकांना ओळंबे. ओळंब्यांच्या जागी त्याने नटबोल्ट लटकवले. भर दुपारची सावली धरून त्याने आपल्या कुंपणापासून माझ्या कुंपणापर्यंत खुंट्या ठोकत रेघ आखली आणि माझ्या बाजूच्या खुंटीवर लाल रंगात 'उ' लिहिला, उत्तरेचा. लेक इरा बघत होती.

"Baba, we're in Australia. दुपारी shadow southला पडते."

विदू खुंटीकडे बघतच राहिला. "चौदा वर्षं झाली इथे, आणि सूर्य अजून पुण्याचाच बघतोय मी." मग खुंटीवर आणखी एक घाव घातला. "राहू दे. रेघ सरळ आहे ना?"

रेघ जाळीला भिडली तिथे त्याने पाना लावून क्लॅम्प सोडवला आणि जाळी बाजूला सारली. कुणीतरी ती पुन्हा बसवायचं. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा सोडवायचा. "एक्सरसाइज अलाउड आहे," असं वर म्हणायचा. बघता बघता गवतात वाट पडली, आणि शेजारपाजारचेही तिच्यावरून जायला लागले.

हॉस्पिटलला निघायच्या दिवशी तो पाना माझ्या हातात देऊन म्हणाला, "रस्ता बंद होऊ देऊ नकोस." तीन आठवडे त्याला भेटायची कुणालाच परवानगी नव्हती. तेवढ्यात जाळी परत बसली आणि मी ती बसू दिली. दंडाला भ्याले, लोक काय म्हणतील याला भ्याले. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

म्हणून त्या सकाळी, अंगणात एकटी उभी असलेली शुभदा दिसली तेव्हा मी पाना घेतला आणि दोन्हीकडचे क्लॅम्प काढले. विदूच्या रेघेवरून चालत तिच्यापर्यंत गेले. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, मी अकरावी ठरले. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात कौन्सिलचा माणूस आला. पायवाट होणार, पण शोभेची झाडं लावायची म्हणून वळण घेऊन. मी म्हटलं, "No worries, mate. तुम्ही वळण घ्या, आम्ही सरळच जाणार." त्यातलं मराठी त्याला कळलं नाही. त्याने खुंट्या उपटायला हात घातला, तेव्हा मी मध्ये उभी राहिले. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला.

इरा विचारत होती, "मावशी, तो उ चुकीचा आहे, मी fix करू?" मी नको म्हटलं. पाना माझ्या मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. रोज सकाळी मी दक्षिणेच्या त्या 'उ'पासून निघते आणि शुभदाच्या दारात जाऊन चहा पिते. चालत दोन मिनिटं लागतात.