पटाशीचं पाणी

अल्बनीत मधुवंतीताईंच्या घराला गॅरेज आहे, पण गाडी बाहेर भिजते. आत ताईंचं सुतारकाम राहतं. मी त्यांचा भाडेकरू. मानात गाडीच्या खालोखाल माझा नंबर.

ताई पेनरोजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. त्यांचे वडील पुण्याला फाउंड्रीत लाकडी साचे बनवायचे. त्यांची लाकूड कोरायची एक पटाशी ताईंनी इकडे परदेशात येताना पैठणीत गुंडाळून आणली. पैठणी अजून घडीतच आहे, पटाशी रोज हातात. त्यांचे यजमान देवव्रतदादा आयटीत, म्हणतात, "मी या घरात दोन नंबरवर आहे, पण टिकून आहे."

२०१७च्या गणपतीला ताईंनी इथल्या मराठी मंडळाला शब्द दिला: यंदाचा चौरंग मी करणार, सगळे जोड हाताने, एकही स्क्रू नाही. अध्यक्ष बाळासाहेब "वा वा!" म्हणाले आणि डिकीत प्लॅस्टिकचं फोल्डिंग टेबल टाकून ठेवलं. "आपलं असू द्यावं." ताईंनी ते पाहिलं. तिथून पुढे तो नुसता चौरंग राहिला नाही.

रविवारी कार्यक्रम, आणि शनिवारी दुपारी शेवटच्या पायाची खाच बाकी. लाकूड जुन्या घरातून निघालेलं, रिमू या इथल्या झाडाचं. त्यात कुणीतरी पूर्वी ठोकलेला खिळा दडलेला होता. पटाशीची धार त्यावर गेली आणि तिचा टवका उडाला. ताई चहा ठेवायला आत गेल्या.

दादांना मदतीची हुक्की आली. गॅरेजमध्ये धार लावायची दोन मशीन्स. एक सुसाट फिरणारं, कोरडं. ताई त्यावर फक्त फावडं घासतात. दुसरं संथ, चाक अर्धं पाण्यात बुडालेलं. दादांनी अर्थातच सुसाट निवडलं. ठिणग्यांची दिवाळी झाली.

"बघ, हेवी धार येतेय!" ते मला म्हणाले.

ताई कप घेऊन दारात. पटाशीची कड निळी पडली होती.

"अहो, पाणी गेलं ना तिचं!"

"थांब, आणतो," म्हणत दादा धावले आणि पाण्याचा जग आणून दुसऱ्या मशीनची टाकी काठोकाठ भरली.

"हे काय?"

"पाणी. गेलं म्हणालीस ना?"

मला हसू आवरेना. आमच्या बार्शीकडे लोहाराच्या भात्यासमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही हे कळतं. "दादा, पोलादाचं पाणी. तापून निळं पडलं की कडकपणा जातो, धार टिकत नाही."

"मग मराठीत सांगायचं ना!"

"मराठीतच सांगितलं," ताई म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता.

"दुसरी पटाशी घ्या ना," मी म्हटलं.

"खाच हिच्या मापाची आखलीय." मग त्यांनी टाकीकडे पाहिलं. "भरलंच आहे, तर वापरू या."

निळा भाग सगळा घासून काढायचा होता. पटाशी पकडीत बसवून ताईंनी ती फिरत्या चाकावर टेकवली. पाणी चाकासोबत वर चढून पात्यावरून वाहत राहिलं. ठिणगी नाही, तापणं नाही.

"स्पीड वाढवता नाही येत?" दादांनी विचारलं. उत्तरादाखल फक्त एक नजर मिळाली.

निळं हळूहळू मागे सरत नाहीसं झालं. मग चामड्याच्या चाकावर पॉलिश. शेवटी ताईंनी दादांचा हात ओढला आणि पटाशीने मनगटावरचे केस अलगद उतरवले. परीक्षा आणि शिक्षा, दोन्ही एकदम. संध्याकाळी खिळा उपटून खाच पुरी झाली आणि पाय तिच्यात बसला, लाकडी हातोडीच्या एका टोल्यात.

रविवारी मूर्ती यायच्या आधी बाळासाहेबांनी स्वतः चौरंगावर बसून पाहिलं. बाळासाहेब बसतात तेव्हा खुर्च्याही बोलतात. चौरंग गप्प राहिला. त्यांनी तो उलटा केला, बोटाने जोड चाचपले.

"स्क्रू लपवलेत कुठे?"

"शोधा," ताई म्हणाल्या.

सापडले नाहीत. प्लॅस्टिकचं टेबल प्रसादाच्या द्रोणांखाली गेलं. चौरंगावर गणपती बसला आणि दादांना राहवेना. "काय बाळासाहेब, पाहिलंत ना आमच्या हिचं पाणी?"

"पाणी ना? त्या टेबलावर ठेवलंय," बाळासाहेब म्हणाले. "ग्लास घ्या, लाजू नका."

दादांनी कपाळावर हात मारला. "मराठीत सांगितलं हो!"