आपोआपबाई

गंगाखेडच्या कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना एका शब्दाचं वावडं होतं. तो शब्द म्हणजे आपोआप. पुस्तकात 'किंमत आपोआप ठरते' असं वाक्य आलं की त्या आम्हाला पेनाने तो शब्द खोडायला लावत. "आपोआप फक्त गवत उगवतं," त्या म्हणत. "बाकी सगळं कुणीतरी ठरवतं." आम्ही त्यांचं नाव आपोआपबाई ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

एकदा त्यांनी अख्खा वर्ग सोनपेठच्या बैलबाजारात नेला. तिथे दोन माणसं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत होती. फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेघा ओढणं सोपं, रुमाल उचलणं अवघड, असं बाई परतताना एसटीत म्हणाल्या. आम्ही हसलो. त्यांना रुमाल उचलायची खरोखरच खोड आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

राणीसावरगावला त्यांचं रान होतं. वडील कसत, पण साखर कारखान्याच्या सभासद बाई होत्या. त्या वर्षीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. मी माझ्या वडिलांबरोबर मागे बसलो होतो. ऊसतोडीची पाळी कोण ठरवतं, एवढंच बाईंनी विचारलं. कारखान्याचे अध्यक्ष तेच आमच्या कॉलेजचेही अध्यक्ष. ते गोड हसले.

"ते आपोआप ठरतं, बाई."

सभेत हशा पिकला. माझ्या वडिलांनी मात्र माझं मनगट धरलं आणि आम्ही चहा न घेताच निघालो.

पुढे कुणी काहीच केलं नाही, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. शिपाई बाईंना नमस्कार करेनासा झाला. त्यांचे तास कमी होत गेले. टोळ्या शेजारचा ऊस तोडून पुढे गेल्या. बाईंचा उभाच राहिला, त्याला तुरे आले, पाचट वाळून खडखडायला लागलं. बाई मनातलं बोलायला लागल्या की गावची भाषा बोलत. "हुकूम कुणाचाच न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "समद्यायला नुसती सवय हाय."

एका भर दुपारी तो ऊस पेटला. आम्ही काही पोरं मोटारसायकलींवर पोचलो, तोवर काळी धसकटं उरली होती. बाई वडिलांजवळ बांधावर उभ्या होत्या. रस्त्यावर कारखान्याची एक जीप थांबलेली होती. वडील तिकडे बघत, मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आपोआपच पेटला असंल, माय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तो शब्द त्यांनी तसाच राहू दिला.

उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. कुठे गेल्या, ते कुणी सांगत नाही. आज त्याच वर्गात मी शिकवतो. पोरांना 'आपोआप' खोडायला लावतो. फक्त त्याआधी दार लावून घेतो.