गव्हाणीतले कांदे

उचगावात आमच्या शेजारी कुणी भिंतीला चुना द्यायला लागले की त्या ओल्या वासानं मला आमचा जुना गोठा आठवतो. सासऱ्यांचे गुडघे गेले, म्हैस मलकापूरच्या गिऱ्हाइकाला विकली आणि घरामागच्या परड्यातला गोठा मोडक्या सामानानं भरला. इकडं तांदळाची पोती पलंगाखाली सरकवून सरकवून मी वैतागले होते. शेवटी गोठ्याची कोठी करायचं ठरलं. पत्रे बदलले, फरशी घातली, भिंती पांढऱ्या केल्या. राहिली ती दगडी गव्हाण. गवंड्यानं पहार उचलली आणि सासरे आडवे आले. "गव्हाणीला हात लावायचा न्हाय!" मी म्हणाले, "आता म्हस कुठं हाय, मामंजी?" "म्हस न्हाय, दावं हाय की!" जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, गोठ्याची बरकत जाते म्हणतात, म्हणून ते त्यांनी खुंटीला जपून ठेवलं होतं. मी तणतणत घरात गेले. संध्याकाळी चहा घेऊन आले, तर गव्हाण घासूनपुसून त्यांनी तिच्यात कांदे पसरले होते आणि वर दावं आडवं बांधून त्याला लसणाच्या जुड्या लटकवल्या होत्या. "हितं ओल लागत न्हाय," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले. खरंच, त्या पावसाळ्यात कांदा सडला नाही. आता कोठीत सगळं मावतं, पण कांदे मात्र मी कधीच आधी घरात आणून ठेवत नाही. म्हशीच्या धारेची वेळ झाली की मामंजी मागच्या दाराकडं बघत चुळबुळ करायला लागतात, आणि मी चुलीपासून ओरडते, "मामंजी, चार कांदं आणा की!"